डबीच्या तळाचं भोक

वायरमन दुकान बंद करताना कुलूप तीनदा ओढून बघायचा. चार पावलं गेला की परत यायचा आणि चौथ्यांदा ओढायचा. चौथ्यांदा ओढण्याआधी तो इकडेतिकडे नजर टाकायचा, कारण आपण कुलूप किती वेळा ओढतो हे कुणीतरी मोजतंय, असाही त्याला संशय होता. त्याची बायको म्हणायची, "तुमच्या दुकानात चोर शिरला ना, तर तुमच्या प्रश्नांना कंटाळून बिचारा स्वतःच पोलिसांत जाईल."

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. हातात कसब होतं. मोटरसायकलचं विजेचं काम म्हणजे वायरमन, असं सगळं गाव म्हणायचं. गाव डोंगराच्या पोटात वसलेलं. वर्षाचे आठ महिने धुकं आणि रिमझिम, पहाटे तर हँडल धरवत नाही इतका गारठा. त्यामुळे दूधवाला, शाळेचे मास्तर, असे जे कोणी भल्या सकाळी खिंडीतून जायचे, ते सगळे वायरमनकडून मोटरसायकलला गरम मुठी बसवून घ्यायचे. रबरी मुठीच्या पोटात बारीक तार असते. बटण दाबलं की ती तापते आणि बोटं शाबूत राहतात. मूठ बसवणं अवघड नाही, ते काम कुणीही करेल. खरी परीक्षा बटणाची. बटणाची डबी हँडलखाली, उघड्यावर, पावसाच्या तोंडी. तिच्यात पाणी शिरलं की मुठी थंड.

आणि वायरमनच्या डबीत पाणी शिरत नसे. दुकानावर त्याने तसा फलकच लावला होता: 'पाणी शिरल्यास मिस्त्री तुमच्या दारी.' दोन वर्षांत त्याला कुणाच्याही दारी जावं लागलं नव्हतं. त्याआधी तक्रारी यायच्या. तेव्हा वायरमन गिऱ्हाइकावरच डाफरायचा, "पाइप लावून गाडी धुतली असणार तुम्ही, खोटं बोलू नका." दोन वर्षांपूर्वी त्याने फटी बुजवायच्या सिलिकॉनची ट्यूब बदलली, जरा भारीतली आणली, आणि तक्रारी बंद झाल्या. ट्यूब बदलल्याचा हा पराक्रम तो आल्यागेल्याला ऐकवायचा.

दोन वर्षांपूर्वी आणखी एक गोष्ट बदलली होती. त्याचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा पाठचा भाऊ, दुकानात कामाला लागला होता.

मेव्हणा चाळिशीचा, अंगाने काटक, आणि बोलण्यात इतका कंजूष की दिवसाला दहा-बारा वाक्यं झाली तर पुष्कळ. आधी अकरा वर्षं तो समोरच्या गॅरेजमध्ये होता. समोरच्या गॅरेजचा मालक धुक्यातही काळा चष्मा लावायचा, म्हणून त्याला सगळे गॉगल म्हणायचे. बायकोने हट्ट धरला, "माझा भाऊ परक्याकडे राबतो आणि तुम्ही एकटे मरमर मरता, हे कुठलं शहाणपण?" तेव्हा वायरमनने त्याला घेतला. घेतला खरा, पण त्याच दिवशी त्याच्या मनात पाल चुकचुकली. अकरा वर्षं ज्याचं मीठ खाल्लं त्याला हा विसरेल? गॉगलने मुद्दाम तर पाठवला नसेल?

मेव्हणा समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेला आणि गॉगलने त्याला मान जरी हलवली, तरी वायरमनचा इकडे स्क्रू चुकायचा. मेव्हण्याने पहिल्याच महिन्यात कामाबद्दल एक सूचना केली होती. ती वायरमनने चार गिऱ्हाइकांदेखत हसण्यावारी नेली. त्यानंतर मेव्हण्याने सूचना करणं सोडलं, तेही वायरमनला संशयास्पद वाटलं.

आता नेलपॉलिशचं सांगायला हवं. काम झालं की वायरमन स्क्रूच्या डोक्यावर, अर्धा स्क्रूवर आणि अर्धा डबीवर येईल असा नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. स्क्रू कुणी फिरवला की ठिपका तडकतो आणि चोरी उघडी पडते. बाटली बायकोची, रंग गुलाबी. "स्क्रूंची नखं रंगवता रोज, माझी कधी रंगवलीत का?" असं ती विचारायची. मोटरसायकलींपुरतं हे ठीक होतं. पण मेव्हण्याचा एक पत्र्याचा हत्यारांचा डबा होता. तो रोज संध्याकाळी फळीखाली ठेवून घरी जायचा. तो गेला की वायरमन डबा उघडून बघायचा. काही दुसऱ्याचं तर नाही ना, गॉगलची चिठ्ठीबिठ्ठी तर नाही ना. दोन वर्षांत त्याला त्यात पक्कड, तीन स्क्रूड्रायव्हर, चिकटपट्टी आणि एक दाभण एवढंच सापडलं. पोती शिवायचं जाड दाभण, लाकडी मुठीचं, टोकाला काळं पडलेलं. विजेच्या कामात दाभण कशाला, हा प्रश्न वायरमनला दोन वर्षं छळत होता. पण विचारायची सोय नव्हती. विचारलं तर डबा उघडतो हे कळलं असतं.

तर अशा ठिकाणी फिरती नर्स आपली मोटरसायकल घेऊन आली.

सगळे तिला सिस्टर म्हणायचे. पन्नाशीची बाई, आवाज खणखणीत. डोंगरापलीकडच्या वाड्यावस्त्यांवर घरोघर जाऊन ती इंजेक्शनं द्यायची, जखमा बांधायची. "मिस्त्री, पहिल्या तीन घरांत माझी बोटं माझी नसतात," ती म्हणाली. "नाडी बघायला हात धरला की पेशंटच दचकतो. शीर सापडत नाही. एकदा टोचायचं तिथे दोनदा टोचते. एक आजोबा आहेत, ते तर मला बघितलं की गोधडीत शिरतात."

"एकदा बसवून घ्या, सिस्टर. पुढची दहा वर्षं माझं नाव घ्याल."

त्या आठवड्यात मेव्हणा रजेवर होता, स्वतःच्या सासऱ्यांचं घर रंगवायला गेला होता. वायरमनने एकट्याने काम केलं आणि झोकात केलं. जुन्या मुठी साबणाच्या पाण्याने सोडवल्या, नव्या चिकटवल्या. चावी बंद तर मुठी बंद, म्हणजे बॅटरी उतरायला नको, अशी जोडणी केली. उजव्या मुठीच्या वायरला मूठ फिरण्यापुरती ढील दिली. बाकी वायर मुठीपासून खाली डबीपर्यंत ताणून, सरळ, शिस्तीत. सैल वायर म्हणजे सैल कारागीर, हे त्याचं लाडकं वाक्य होतं. वायर डबीत वरून शिरते तिथे सिलिकॉन, झाकणाच्या कडेने सिलिकॉन, तळाच्या जोडावर सिलिकॉन. मुंगीलाही वाट ठेवली नाही.

नवव्या दिवशी सिस्टर परत आली. मुठी थंड.

मेव्हणा रजेवरून येऊन दोनच दिवस झाले होते. वायरमनने डबी उघडली, तर आत चमचाभर पाणी आणि बटणाच्या पितळी पत्त्यांवर हिरवा गंज. त्याने मान वर केली, तर मेव्हणा त्याच्या खांद्यावरून आत बघत होता.

"काय बघतोस?"

"काही नाही, भावोजी." मेव्हण्याची नजर सरळ ताणलेल्या वायरवर होती.

दोन वर्षांत एक तक्रार नाही, आणि हा रजेवरून येतो काय आणि पाणी शिरतं काय! वायरमनचं डोकं चालू लागलं. दोन दिवसांपूर्वी सिस्टर हवा भरायला आली होती. तेव्हा हवा कुणी भरली? मेव्हण्याने. मोटरसायकल पाच मिनिटं कुणाजवळ होती? मेव्हण्याजवळ. वायरमनने नवं बटण घातलं, दुप्पट सिलिकॉन थापलं आणि सांगितलं, "ह्या गाडीला तू हात लावायचा नाहीस. हवासुद्धा मी भरणार."

मेव्हण्याने मान डोलावली. दुसऱ्या गाडीकडे जाताना तो एकदाच म्हणाला, "वायर जरा खाली वळवून—"

"तू तुझं बघ."

सातव्या दिवशी सिस्टर पुन्हा दारात. ह्या खेपेला तिचा आवाज खणखणीत नव्हता, धारदार होता. "मिस्त्री, तुमच्या फलकावर लिहिलंय की तुम्ही माझ्या दारी येणार. मीच येतेय सारखी तुमच्या दारी."

वायरमनला ते लागलं. अख्खी सकाळ त्याने त्या एका डबीवर घालवली. सिलिकॉनचा थर इतका चढवला की डबी सुजल्यासारखी दिसायला लागली. सुकायला चार तास हवे होते आणि बाजारातून फ्यूज आणायचे होते. निघण्याआधी त्याने चारही स्क्रूंवर गुलाबी ठिपके दिले, फुंकर मारून वाळवले आणि मेव्हण्याकडे बघून म्हणाला, "मी ठिपके दिलेत."

"दिसले."

दोन तासांनी परत आल्यावर त्याने आधी भिंगातून ठिपके बघितले. चारही शाबूत. त्याला हायसं वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर जरा हिरमोडच झाला. संध्याकाळी सिस्टर गाडी घेऊन गेली.

मग पाऊस लागला. अकरा दिवस उसंत नाही. रोज सकाळी वायरमन रस्त्याकडे बघत बसायचा, आत्ता येईल, मग येईल. बाराव्या दिवशी ती आली ती हसत. "मिस्त्री, मानलं तुम्हाला! ह्या पावसात मुठी नुसत्या भाकरीसारख्या गरम. काल आजोबा म्हणाले, टोचलंस का गं? मी म्हटलं, कधीच टोचलं. गोधडीतून तोंड काढून बघायला लागले माझ्याकडे."

दुसरा कुणी असता तर चहा मागवला असता. पण वायरमनची गोष्ट वेगळी. काम बिघडलं की त्याला संशय यायचा, आणि नीट चाललं की जास्त यायचा. तेच बटण, तीच ट्यूब, तोच हात. मग दोनदा बिघडलं ते तिसऱ्यांदा का चाललं? "बघू, जरा चेक करतो," तो म्हणाला. सिस्टर म्हणाली, "अहो, चालतंय ना, कशाला हात लावता?" तोवर तो गुडघ्यावर बसला होता. ठिपके जागच्या जागी. मग त्याने काडीला लावलेला छोटा आरसा काढला आणि डबीच्या तळाखाली धरला.

तळाला एक भोक होतं.

ज्वारीचा दाणाही जाणार नाही एवढं बारीक, पण गोल, कडा वितळून गुळगुळीत झालेल्या. आपोआप पडलेलं भोक असं नसतं. तापवलेल्या हत्याराने, खालून, स्क्रूला हात न लावता कुणीतरी पाडलेलं होतं. वायरमनच्या कानशिलांत रक्त चढलं. आणि खोटं कशाला बोला, त्याला आनंदही झाला. दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून बसल्याचं सार्थक झालं होतं.

"इकडे ये," तो ओरडला. मेव्हणा हात पुसत आला. "हे काय आहे?"

मेव्हण्याने आरशात बघितलं. "भोक आहे."

"कुणी पाडलं?"

"मी."

वायरमनने ह्या क्षणाची दोन वर्षं तालीम केली होती. पण तालमीत मेव्हणा नाकबूल करायचा. सरळ कबुलीने त्याचं पुढचं भाषणच विस्कटलं, आणि मग जे तोंडाला येईल ते तो बोलत सुटला. "खाल्ल्या ताटात घाण करतोस? सख्ख्या बहिणीचं कुंकू ज्या दुकानावर जगतं तिथे भोकं पाडतोस? गॉगलने शिकवलं ना तुला हे? बोल!"

"भावोजी, ते भोक—"

"एक शब्द बोलू नकोस! मला काय कळत नाही? त्या दाभणाने पाडलंस ना?"

मेव्हणा थांबला. त्याने वायरमनकडे बघितलं, सावकाश, पहिल्यांदाच बघितल्यासारखं.

"माझ्याकडे दाभण आहे, हे तुम्हाला कसं माहीत?"

सिस्टरने उगाचच आपल्या हातमोज्यांची बोटं सरळ केली.

"माझा डबा बंद असतो, भावोजी," मेव्हणा म्हणाला. मग फळीखालून डबा काढला, काखेत मारला, आणि रस्त्यावर उतरून चालायला लागला. समोरच्या गॅरेजकडे त्याने वळूनही बघितलं नाही. वायरमनच्या ते लक्षात आलं, पण तो म्हणाला, "नाटकं सगळी. उद्या बघा तिकडेच दिसेल."

आणि त्याने भोक बुजवलं. नीट, तीन थर देऊन.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. एकदाही मध्ये बोलली नाही, तिथेच वायरमनने ओळखायला हवं होतं. त्याचं संपल्यावर ती म्हणाली, "त्याने भोक का पाडलं?"

"का म्हणजे? नुकसान करायला."

"त्याला विचारलंत?"

"पुरावा डोळ्यांसमोर असताना विचारायचं काय?"

"आणि त्याचा डबा रोज उघडत होतात. माझ्या भावाचा." ती ताटं उचलायला लागली. "हे बघा, दर रविवारी तो इथे जेवायला यायचा. आता येणार नाही, मी ओळखते त्याला. तर रविवारी मी जाईन त्याच्याकडे. आणि तुम्ही जोवर त्याला विचारून, त्याचं ऐकून घेऊन त्याला परत आणत नाही, तोवर मी तिथेच राहीन. एकटे राहा. कुलूप ओढत बसा."

बायको जे म्हणते ते करते, ह्याबद्दल मात्र वायरमनला तिळमात्र शंका नव्हती. रविवारी ती पिशवी घेऊन गेली. घरात तो, रेडिओ आणि गुलाबी नेलपॉलिशची बाटली एवढेच उरले. समोरच्या गॅरेजमध्ये मेव्हणा काही दिसला नाही. उलट सोमवारी गॉगलच रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "तुमचा माणूस सुटलाय म्हणे? कुठे राहतो हल्ली तो? दोन वर्षांत तीनदा बोलावलं मी त्याला. म्हणतो, ताईच्या घरचं दुकान आहे, नाही यायचं." वायरमनने पत्ता सांगितला नाही. ह्यातही काहीतरी डाव असणार, असं त्याने ठरवून टाकलं. पण ठरवताना पहिल्यासारखा जोर लागला नाही.

मंगळवारी सिस्टर आली. डाव्या कोपरापासून मनगटापर्यंत पट्टी होती आणि मोटरसायकल ती ढकलत आणत होती. आरसा फुटलेला.

"स्वतःचं ड्रेसिंग स्वतः केलं, एका हाताने," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे वायरमनला जास्त भीती वाटली. "खिंडीच्या उतारावर मुठी गेल्या थंड. वळणावर बोटं ब्रेकवर आवळेचनात. नशीब, मातीच्या बाजूला पडले. दुसऱ्या बाजूला दरी आहे, मिस्त्री." तिने गाडी स्टँडवर लावली. "अकरा दिवस धो धो पावसात चाललं. तुम्ही चेक केलंत आणि पाचव्या दिवशी गेलं. मला यातलं काही कळत नाही, पण मी नर्स आहे. बरी झालेली जखम कुणी पुन्हा उघडली, एवढं मला कळतं."

ती बाकावर बसली. वायरमन गुडघ्यावर बसला. चारही ठिपके शाबूत. तळाचं भोक बंद, त्याने बुजवलं होतं तसंच. झाकण काढलं, तर आतून पाण्याची धार त्याच्या मनगटावर आली. गाडीला कुणी हात लावला नव्हता. मेव्हणा गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. आयुष्यात पहिल्यांदा वायरमनकडे संशय घ्यायला माणूस उरला नव्हता.

मग त्याने जे कधीच केलं नव्हतं ते केलं. आतलं बटण पुसून कोरडं केलं, झाकण लावलं, तांब्याभर पाणी घेतलं आणि हँडलवर, वरून, संथ ओतलं. सिलिकॉनला पाणी शिवलं आणि घसरून गेलं, जोडांतून थेंबही आत जाईना. त्याने आणखी एक तांब्या ओतला. आणि मग त्याला दिसलं. पाणी हँडलवरून मुठीच्या कडेला जात होतं. तिथे वायरवरच्या काळ्या वेष्टणाचं तोंड उघडं होतं. पाणी त्या तोंडातून वेष्टणाच्या आत शिरत होतं आणि आतल्या आत खाली उतरत होतं, त्याच्या सरळ, ताणलेल्या, शिस्तीतल्या वायरवरून थेट डबीत. झाकण काढलं, तर आत वायरच्या टोकावरून थेंब टपकत होते. सिलिकॉन बाहेरून राखण करत होतं आणि पाणी नळीतून आत चाललं होतं. आत आलं की त्याला जायला जागाच नव्हती, कारण त्याने मुंगीलाही वाट ठेवली नव्हती.

भोक असताना ते पाणी खालून टपकून जात होतं. एवढीच गोष्ट.

समोर टपरीपाशी दूधवाल्याची मोटरसायकल उभी होती. तिच्या मुठी दीड वर्षापूर्वी वायरमननेच बसवल्या होत्या, एकदाही तक्रार नाही. तो काडीचा आरसा घेऊन रस्ता ओलांडून गेला आणि खाली वाकला. डबीच्या तळाला बारीक, गोल, गुळगुळीत भोक होतं. मास्तरांची गाडी शाळेच्या फाटकापाशी होती. तिलाही होतं. फाटकाबाहेर रस्त्यावर उकिडवं बसून वायरमनने दोन वर्षांची गाडीन् गाडी आठवली. भारीतली ट्यूब, फलक, लोकांपुढे मारलेल्या बढाया. हे सगळं त्या दाभणाच्या टोकावर उभं होतं, आणि ते दाभण त्याने रोज संध्याकाळी हातात घेऊन बघितलं होतं. त्याला इतकी लाज वाटली की मास्तरांनी "काय हरवलं?" म्हणून विचारलं, तर तो आरसा खिशात कोंबून तडक दुकानाकडे वळला.

"सिस्टर," तो परत येऊन म्हणाला, "तासाभरासाठी गाडी नेतो. तुम्ही इथेच बसा."

"दुकान उघडं टाकून?"

"तुम्ही आहात ना."

मेव्हण्याच्या घरी दार वायरमनच्या बायकोने उघडलं. तिने नवऱ्याच्या ओल्या बाह्या बघितल्या, मागची मोटरसायकल बघितली, आणि बाजूला झाली. मेव्हणा खिडकीपाशी शेजाऱ्यांचा मिक्सर उघडून बसला होता. तो उठला नाही.

वायरमनने वाटेत माफीची तीन-चार वाक्यं जुळवली होती. ती एकही आठवेना. "पाणी वेष्टणातून आत जातं," तो म्हणाला.

"हो."

"सिस्टर पडली. कोपर सोलवटलं."

मेव्हण्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. "जास्त लागलंय?"

"नाही. पण लागलं असतं." वायरमन त्याच्यासमोर खाली बसला. "तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. पहिल्याच महिन्यात. म्हटलं, खालून एक भोक ठेवू या आणि वायर खाली वळवून मग वर घेऊ या. तुम्ही म्हणालात, भोक उंदीरपण पाडतो, बुजवायला अक्कल लागते. दुकानातले सगळे हसले." मेव्हणा एका दमात इतकं बोलला की त्याची बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मग म्हटलं, कशाला वाद. तुमचं काम झालं की मागून पाडत गेलो. सिस्टरच्या वेळेला मी नव्हतो. आल्यावर तुम्ही हात लावू देईनात."

"मी तुझा डबा उघडायचो," वायरमन म्हणाला. "रोज. तू गेल्यावर."

"माहीत आहे. ताईच्या नेलपॉलिशचे डाग पडलेत आत."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, बघतील, काही सापडणार नाही, मग थांबतील." मेव्हण्याने मिक्सरचं झाकण खाली ठेवलं. "दोन वर्षं वाट बघितली मी, भावोजी."

वायरमन अंगणात आला, तळावरचं सिलिकॉन नखाने खरवडून काढायला लागला, पण जुन्या भोकात गच्च बसलेलं काही निघेना. थोड्या वेळाने मेव्हणा डबा घेऊन बाहेर आला. त्याने वायर सोडवली, डबीच्या खाली वळवली आणि खालून वर घेतली, म्हणजे पाणी वळणाशीच थांबेल, डबीत चढणार नाही. वायर आता सैल, लोंबती दिसत होती आणि वायरमनने चकार शब्द काढला नाही. मग मेव्हण्याने दाभण काढलं, बहिणीकडून गॅस पेटवून घेतला, टोक लाल होईपर्यंत तापवलं, आणि मूठ वायरमनपुढे धरली.

"तुम्हीच पाडा."

वायरमनने आयुष्यात हजारो भोकं बुजवली होती, पाडलं एकही नव्हतं. टोक प्लॅस्टिकला लागलं, चर्र झालं, जळका वास आला. त्याने दाभण बाहेर काढलं. भोक जरा तिरकं गेलं की काय, असं त्याला वाटलं. खिशातला आरसा काढून त्याने मेव्हण्यापुढे केला.

"नीट पडलंय का बघ जरा."

मेव्हणा डब्यात हत्यारं भरत होता. त्याने आरसा घेतला नाही, खाली वाकलाही नाही.

"तुम्ही पाडलंय ना," तो म्हणाला, "मग नीटच असेल."

वायरमन आरसा हातात धरून तसाच उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवायचं त्याला सुचलं नाही. मग त्याने आरसा खिशात टाकला.

"उद्या येशील?" त्याने विचारलं.

मेव्हण्याने दाभण पुसून डब्यात ठेवलं, झाकण लावलं, आणि डबा मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बांधला. "सिस्टर थांबल्यात ना दुकानात?" तो म्हणाला. "चला."